पडून दाखव

"पडून दाखव," गद्रे म्हणाले.

मी पडलो.

"असं नाही रे. हे झोपल्यासारखं वाटतं. लाथ खाऊन माणूस पडतो तसा पड."

पुन्हा पडलो. कोपर फरशीवर आपटलं. समोर बाकावर चित्रकार मांडीवर फळ्या घेऊन बसलेले. पेन्सिली नुसत्याच हातात.

"हा आधी हात टेकतो," कुलकर्णी म्हणाला. "सगळी मजा जाते तिथे."

"टेकणारच. त्याला माहीत आहे ना, लाथ येत नाही म्हणून." गद्रे उठले. पायातली वहाण त्यांनी काढली नाही. "चल, तिकडे तोंड कर. वाक. आणि आधी जोहार घाल."

"मला जोहार येत नाही."

"येत नाही?" ते सगळ्यांकडे बघून हसले. "अरे, तुम्हाला तो शिकावा लागतो की काय? वाक. आपोआप येईल."

मी वाकलो. लपवत नाही, वाकलो. नोकरी होती. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलो आणि मागून लाथ बसली. नाटकातली नाही. खरी. कमरेखाली, हाडावर. मी पुढे फेकलो गेलो आणि टेबलाची लोखंडी कड तोंडावर आली.

आधी फार दुखलं नाही. तोंडात काहीतरी गरम भरलं. थुंकलो तर रक्त, आणि रक्तात दात. वरचा, पुढचा.

"दात उडाला!" कुणीतरी ओरडलं.

मला वाटलं, आता धावतील. धावले. पण भिंतीकडे.

"थांबा, थांबा," कुलकर्णी हात हलवत म्हणत होता, "त्याचा दात उडतो. वर जातो. वर, वर, आणि आभाळात जाऊन त्याची चांदणी होते!"

गद्र्यांनी टाळी वाजवली. "वा! सापडली गंमत."

कुलकर्ण्याने कार्डावर भराभर चित्र काढलं. माझ्या हनुवटीवरून रक्त गळत होतं आणि ते कार्ड टाचणी मारून भिंतीवर लागलंसुद्धा. मी चूळ भरायला मडक्याकडे वळलो.

"ए, मडक्याला हात नको. खाली नळावर जा," गद्रे म्हणाले. रागावून नाही म्हणाले. खिडकी लाव म्हणावं तसं म्हणाले.

मी जिना उतरून नळावर गेलो.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली होती. शिवाशिव कायद्याने बंद झाली होती. कायदा ठाण्यापर्यंत आला होता, कोर्टात होता, कचेरीत होता. चरईतल्या आमच्या माडीचा जिना तेवढा तो चढला नव्हता.

खाली बंद पडलेला छापखाना, वर आम्ही. आम्ही कार्टूनचा सिनेमा करत होतो. लोकांना वाटतं, कार्टून म्हणजे हलणारी चित्रं. चित्रं फार पुढे हलतात. आधी भिंत. गोष्ट चार-सहा वाक्यांत कुणीतरी सांगायची, मग एकेक प्रसंग एकेका कार्डावर काढायचा, आणि ती कार्डं ओळीने भिंतीवर टाचायची. कोण कुठून येतो, काय बोलतो, कुठे पडतो, सगळं भिंतीवर. मग एकाने छडी घेऊन उभं राहायचं आणि पहिल्या कार्डापासून शेवटच्यापर्यंत अख्खा सिनेमा करून दाखवायचा. आवाज काढायचे, नाचायचं, रडायचं. ह्याला आम्ही भिंत वाचणं म्हणायचो. वाचताना जिथे कुणी जांभई दिली तिथलं कार्ड उतरवायचं. उतरवलेलं कार्ड मेलं. त्या जागी नवं यायचं. अशी महिनोन् महिने भिंत मरत आणि जन्मत राहायची. ती पक्की झाली की मग पुढची हजारो चित्रं.

आणि जिथे प्रेक्षक हसायला पाहिजे त्या जागेला आमच्यात एकच शब्द होता. गंमत. "इथे गंमत नाही." "इथे एक गंमत टाका." दिवसभर हाच शब्द कानावर.

ते काम मला आवडायचं. हे सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. जीव टाकावा इतकं आवडायचं. मी कल्याणला दुकानांच्या पाट्या रंगवायचो. एका चहावाल्याच्या पाटीवर मी पळता घोडा काढला होता. स्टुडिओ चालवणारे गद्रे तिथे चहा प्यायला थांबले. "हा घोडा कुणी काढला?" घोडा बघून त्यांनी मला घेतलं. आडनाव नंतर विचारलं. विचारलं तेव्हा म्हणाले, "असू दे. कलेला जात नसते." दुसऱ्या दिवसापासून माझा पेला वेगळा.

ज्या सिनेमाबद्दल सांगतोय त्याची गोष्ट माझी होती. एक सरदार असतो. रानात एक पांढरा घोडा आहे, कुणाच्या हाती लागत नाही, तो त्याला पाहिजे. पण सरदार अंधाराला भितो. म्हणून पुढे मशालजी. मशालजी वाट दाखवतो, ओढे ओलांडून देतो, सरदार मागून शिव्या देतो. शेवटी घोडा दिसतो. सरदाराच्या हातात चाबूक, म्हणून घोडा त्याच्याकडे जात नाही. मशालजीकडे येतो. मशालजी सरदाराच्या हातात मशाल देतो, "धरा जरा" म्हणतो, घोड्यावर बसतो आणि जातो. सरदार मशाल धरून उभा. संपलं.

मी ती भिंत वाचली तेव्हा सगळे हसले. खरं हसले. गद्र्यांनी माझ्या पाठीवर थाप मारायला हात उचलला आणि मध्येच डोकं खाजवलं. मला तेवढंही चाललं.

मग बैठका सुरू झाल्या.

"शेवट पटत नाही," गद्रे म्हणाले. "नोकर घोडा घेऊन जातो? लोकांना हे रुचणार नाही. घोडा सरदारालाच मिळायला हवा."

"मग मशालजीचं काय?" मी विचारलं.

"मशालजी गमतीला."

माझी शेवटची ओळ उतरली. रोज थोडी थोडी भिंत उतरत गेली. मशालजीचं धोतर गुडघ्यावर गेलं. तोंड काळं झालं. दात पुढे आले. मशाल गेली आणि हातात घुंगराची काठी आली. अशी काठी कोण वापरायचं हे महाराष्ट्रात लहान पोरालाही ठाऊक होतं. महार हा शब्द त्या माडीवर कुणी उच्चारला नाही. गरजच नव्हती. नाव ठेवलं धोंड्या. धोंड्या येतो, वाकतो, "जोहार मायबाप" म्हणतो. सरदार त्याच्याभोवती फिरून मागे जातो आणि लाथ घालतो. धोंड्या चिखलात पडतो. पुन्हा येतो, जोहार, लाथ, शेणात. पुन्हा जोहार, लाथ, काट्यात. दर वेळी नवी पडण्याची जागा शोधायची, हे आमचं काम.

"ह्याला सारखी लाथ का?" मी एकदा विचारलं.

"अरे, लाथ कुठे? गंमत आहे ती," गद्रे म्हणाले. "मनाला लावून घेऊ नकोस. कलावंताचं मन मोठं असावं."

मग धोंड्या करून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. प्रसंग बसवताना प्रत्येक जण कुणीतरी व्हायचाच. गद्रे सरदार, कुलकर्णी घोडा. धोंड्या मी. का, ते कुणी सांगितलं नाही. "तुझं अंग लवचीक आहे," म्हणाले. "तुला जमतं." कौतुकाने म्हणाले, त्यामुळे उलट बोलायलाही जागा नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. चांगले महिना-दोन महिने मी पडत राहिलो, आणि माझं पडणं बघून ते चित्रं काढत राहिले. शेवटी दात गेला.

त्या दिवशी तोंडाला फडकं बांधून मी ठाकुर्लीला घरी आलो. बा ओट्यावर बसला होता. माझा बाप पॉवर हाऊसमध्ये राख ओढायचा. जन्मभर त्याने राख ओढली. अंघोळ केली तरी कानामागे राख असायची.

"काय झालं?"

"शिडीवरून पडलो."

त्याने फडकं सोडून बघितलं आणि आत जाऊन मीठ-पाणी आणलं.

बाबद्दल एक गोष्ट सांगायला पाहिजे. आमचं गाव मुरबाडकडचं. बा तरुण असताना तिथे गावकी करायचा. मेलेली ढोरं ओढायची, सांगावे पोचवायचे, पाटलाच्या दारात लांबून वाकायचं आणि म्हणायचं, "जोहार मायबाप." एका दिवाळीला शिळ्या भाकरीवरून त्याला चावडीपुढे मारलं. त्या रात्री तो आयेला घेऊन निघाला. गावच्या शिवेवरच्या ओढ्यात त्याने घुंगराची काठी फेकली. "तिच्यासंगं तो शबूदबी फेकला," तो म्हणायचा. इथे साहेबाला सलाम करायचा, तोही ताठ उभ्याने. आमच्या घरात तो शब्द कधी निघाला नाही. आम्हा भावंडांना बाने तो शिकवलाच नाही. मला जोहार येत नाही, हे मी गद्र्यांना खोटं सांगितलं नव्हतं.

दाताने ताप आला. हिरडी सुजली, डोळा मिटला. मी अंथरुणाला खिळलो. काही दिवसांनी स्टुडिओचा शिपाई आला. मी ग्लानीत होतो. निरोप बाने घेतला. शेठ भिंत बघायला येणार आहेत, तेव्हा ये. नसेल यायचं तर कायमचा घरी बस.

बा घाबरला. आमच्या सगळ्या चाळीत बसून, कागदावर काम करणारा मी एकटा. बा ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. "आमचा चितारतो. ठान्याला. पंख्याखाली." त्या पंख्याचा त्याला फार अभिमान होता.

शेठ यायच्या दिवशी ताप उतरलेला नसतानाही मी गेलो. बा मला काही बोलला नव्हता. त्याची सुट्टी होती. तो मागच्या गाडीने माझ्या मागे आला, हे मला माहीत नव्हतं.

शेठ मुंबईचा. पैसा त्याचा. त्याला मधोमध खुर्ची दिली होती, बाकी आम्ही उभे. गद्र्यांनी छडी घेतली आणि भिंत वाचायला सुरुवात केली. खोटं कशाला बोलू, माणूस वाचायचा झकास. जिभेने टापांचा आवाज काढायचा, घुबड करायचा, वारा करायचा. शेठ पोट धरून हसला. मग धोंड्याची ओळ आली. लाथ, चिखल. लाथ, शेण. लाथ, दात, चांदणी. शेठ हसला, पण कमी.

"चांदणी अच्छी है," तो म्हणाला. "पण हा माणूस नकली वाटते. झुकतो ते बरोबर नाय. मजा नाय येत."

गद्र्यांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "चल, ये पुढे. शेठजींना करून दाखव. आणि आज हात टेकू नकोस."

मी पुढे झालो. जीभ दाताच्या रिकाम्या जागेत जात होती. माझ्या डोक्यात काही ठरलेलं नव्हतं. मी बहुतेक पडलो असतो.

तेवढ्यात जिन्याच्या तोंडाशी आवाज आला.

"जोहार मायबाप."

सगळे वळले. दारात माझा बाप उभा होता. धुतलेला सदरा, डोक्याचं मुंडासं काढून काखेत. वहाणा त्याने खालीच काढल्या होत्या. तो वाकला. आधी डावा गुडघा, कारण तो दुखायचा, मग कंबर, मग मान. उजवा हात जमिनीला लावून कपाळाला लावला. पुन्हा म्हणाला, "जोहार मायबाप. लेकराला पदरात घ्या. ताप व्हता त्याला. कामावरनं काढू नगा."

ओढ्यात फेकलेला शब्द त्याने माझ्या नोकरीसाठी पुन्हा उचलून आणला होता.

मग शेठने मांडीवर थाप मारली.

"अरे वाह! ये असली है! कुठून आणला ह्याला?"

त्याला वाटलं, नमुना म्हणून माणूस मुद्दाम बोलावलाय. गद्र्यांना कळलं होतं कोण आहे ते. बाने सांगितलंच होतं. पण त्यांनी शेठला काही सांगितलं नाही. ते बाकडे गेले आणि म्हणाले, "थांब. तसाच थांब. उठू नकोस." मग मागे वळून, "घ्या रे, पटापट घ्या. आधी गुडघा बघा. मग हात."

पेन्सिली चालू झाल्या. त्यांचा आवाज मला अजून येतो. एका ओळीत बसलेले सगळे, सगळ्यांच्या माना एकदा वर, एकदा खाली. माझा बाप वाकलेला. त्याने तिरक्या मानेने माझ्याकडे बघितलं आणि जरासा हसला. त्याला वाटत होतं, साहेबाने ऐकलं. साहेब माफ करतोय.

"बा, ऊठ," मी म्हणालो.

"थांब रं. सायेब थांब म्हनले."

त्याचे पाय लटपटायला लागले होते. दुखरा गुडघा. कपाळावर घाम. मला लाज वाटली. खरं सांगतो, आधी लाजच वाटली, त्याची. त्या लोकांसमोर त्याच्या वाकण्याची. आणि मग ती लाज एकाएकी उलटी फिरली. लाज त्याची कशाला? वाकलेल्या माणसाला वाकलेलंच ठेवून जे चित्रं काढत बसलेत, त्यांना लाज नाही, आणि मी माझ्या बापाची लाज धरतोय?

"आता लाथेचं घेऊ," गद्रे म्हणाले. ते बाच्या मागे जाऊन उभे राहिले. "मी नुसता पाय उचलून धरतो, लावत नाही. शेठजी, आता बघा." आणि बाला म्हणाले, "घाबरू नकोस रे. गंमत आहे."

"जी मायबाप," बा म्हणाला.

त्यांनी पाय उचलला.

मी तो धरला. घोट्याच्या वर, दोन्ही हातांनी. ते हसलेच आधी, "अरे, काय करतोस" म्हणाले. मी पाय वर ओढला आणि पिरगळला. आत काहीतरी कट् झालं, हाताला कळलं. ते मागच्या मागे गेले आणि डोकं फरशीवर आपटलं. हात टेकायला त्यांना वेळ मिळाला नाही.

"असं पडतात, साहेब," मी म्हणालो. "बघितलंत? असं."

ते ओरडत होते. मी छडी उचलली आणि मारलं. पाठीवर, खांद्यावर, तोंडावर. छडी मोडली. मग मुठीने मारलं. त्यांच्या ओठातून रक्त आलं तेव्हाही थांबलो नाही. मला वाईट वाटलं नाही. तेव्हा नाही आणि आजही नाही. ज्यांना वाटायचं त्यांनी वाटून घ्यावं. शेठ खुर्चीमागे जाऊन "पकडो, पकडो" करत होता. मी भिंतीकडे गेलो आणि धोंड्याची ओळच्या ओळ ओरबाडली. टाचण्या नखात घुसल्या. चिखल, शेण, काटे, चांदणी, जे हातात आलं ते फाडलं.

मग ते सगळे माझ्यावर आले. कलावंत. ज्यांना लाथ कशी बसते ते चित्रात काढता येत नव्हतं, त्यांना घालता चांगली येत होती. कुलकर्ण्याच्या बुटाने माझी बरगडी मोडली. कुणी केस धरले, कुणी हातावर उभा राहिला, उजव्या, मुद्दाम. "माजलेत," कुणीतरी धापा टाकत म्हणत होतं. "डोक्यावर बसवलं म्हणून माजलेत." इतके महिने त्या माडीवर न उच्चारलेला शब्द तेव्हा सगळ्यांच्या तोंडातून एकदम बाहेर पडला. जातीसकट, आईसकट.

आणि त्यात एक मार वेगळा होता. उघड्या हाताचा, थोबाडीत. तो बाचा होता.

"जाळशील रं! घरदार जाळशील!" तो रडत मारत होता. मग मला सोडून तो गद्र्यांच्या पायाशी गेला आणि पुन्हा वाकला. "चुकलं मायबाप. चुकलं. पोरगं हाय."

बरगडी मोडली तेव्हा मी ओरडलो नव्हतो. हे ऐकून ओरडलो.

रात्र चौकीत गेली. तिथेही खायला मार होताच. गद्र्यांनी फिर्याद केली नाही. त्यांची दया नव्हती, शेठला आपलं नाव पेपरात नको होतं. सकाळी मला सोडलं. बा चौकीबाहेर बसून होता. घरी येईपर्यंत आम्ही बोललो नाही. पुढे कितीतरी दिवस बोललो नाही. मी त्याच्या वाकण्यावर रागावलो होतो आणि तो माझ्या हातावर. दोघांनाही खरा राग धरायचा होता तो तिसऱ्यावर, पण घरात दोघंच होतो.

उजव्या हाताची दोन बोटं नीट जुळली नाहीत. तरी मी पुन्हा पाट्या रंगवायला लागलो. रेघ जरा वाकडी जायची. गिऱ्हाईक चालवून घ्यायचं.

पुढच्या साली सिनेमा आला. कल्याणच्या थेटरात, मोठ्या सिनेमाच्या आधी दाखवायचे. मी एकटा गेलो. सगळ्यात पुढे, जमिनीवरच्या वर्गात बसलो. मी कार्डं फाडली होती, पण कागद फाडल्याने काय होतं? पेन्सिलीखाली त्या दिवशी जे आलं ते त्यांच्या फळ्यांवर होतंच. पडद्यावर धोंड्या आला आणि वाकला. आधी डावा गुडघा. मग कंबर, मग मान. उजवा हात जमिनीला लावून कपाळाला.

तो माझा बाप होता. चेहरा नाही, चेहरा त्यांनी माकडाचा केला होता. पण वाकणं बाचं होतं, तसंच्या तसं, दुखऱ्या गुडघ्यासकट. सरदार फिरून मागे गेला. लाथ बसली. थेटर हसलं. माझ्या शेजारी बसलेला हमाल हसला. त्याच्या मांडीवरचं पोर टाळ्या वाजवायला लागलं. शेवटी सरदाराला घोडा मिळाला. मोठा सिनेमा सुरू व्हायच्या आत मी उठून बाहेर आलो.

बाला मी सांगितलं नाही. सांगून काय करणार होतो?

पण ते त्याच्यापर्यंत आलंच. एका संध्याकाळी मी कामावरून आलो तर चाळीपुढच्या मोकळ्या जागेत पोरं खेळत होती. आमचीच पोरं. राख ओढणाऱ्यांची, रूळ ठोकणाऱ्यांची. एक मोठा पोरगा कमरेवर हात ठेवून सरदार झाला होता. समोर शेजारच्या बबनचा धाकटा, सहा-सात वर्षांचा. तो वाकला. डावा गुडघा आधी. आणि खणखणीत म्हणाला,

"जोहार मायबाप!"

मोठ्याने फिरून मागून लाथ घातली. धाकटा मातीत पडला, तोंडातून दात उडाल्यासारखं बोट वर नेलं, "चांदणी! चांदणी!" ओरडला, आणि उठून पुन्हा वाकला. बाकीची पोरं आपला नंबर कधी येतो म्हणून रांगेत उभी.

बा ओट्यावर होता. त्याने ते बघितलं. त्याचा हात विडीसकट तसाच राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "म्या तं वढ्यात टाकलं व्हतं. हेंच्या तोंडात कुठनं आलं?"

मी त्याला सगळं सांगितलं. भिंत, पेन्सिली, थेटर. तो गुडघा कुणाचा आहे तेही सांगितलं. तो उठला, आत गेला आणि दार लावून घेतलं. त्या दिवसानंतर तो कुणापुढे वाकल्याचं मी बघितलं नाही, पण तो नीट हसल्याचंही बघितलं नाही.

मी पोरांमध्ये गेलो. धाकटा तेव्हा जमिनीला हात लावत होता. मी त्याचा दंड धरून त्याला उभा केला. तो घाबरला. मी मारणार, असं त्याला वाटलं.

"कुणी शिकवलं तुला हे?"

"शिणेमात हाय."

"बरं. आता माझा शिणेमा बघ." मी मोठ्या पोराला बोलावलं. "उचल पाय. घाल लाथ ह्याला."

मोठा कचरला. मग त्याने पाय उचलला.

"धर," मी धाकट्याला म्हणालो. "दोन्ही हातांनी. तिथे नाही, घोट्याच्या वर. हां. आता ओढ. पिरगळ."

मोठा धपकन मातीत पडला आणि रडायला लागला. पोरं हसली नाहीत, बघत राहिली. धाकट्याने पाय सोडून दिला आणि माझ्याकडे बघितलं.

"सोडलास का?"

"तो रडतोय."

"पुन्हा कर," मी म्हणालो. "सगळ्यांनी करा. रोज करायचं. वाकायचं नाही, हात जोडायचे नाहीत, पाय आला की पाय धरायचा. धरला की सोडायचा नाही. तो ओरडला तरी नाही. आपल्याच बापाने सोड म्हटलं तरी नाही. आणि गंमत केली रे, असं म्हणाला, तर अजिबात नाही."